तुंब्यातलं नाक

दस्तगीर शिकलगाराच्या कॉलरवरचं ‘नाक’ उन्हाळ्यापासून हिरवंच होतं. खैरूनच्या हातातली टेप मात्र वेगळं सांगत होती.

ईदचा कुडता शिवायला तिनं त्याला खिडकीपाशी उजेडात उभं केलं होतं. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत खैरून तंबोऱ्यांच्या गवसण्या शिवत असे. नवऱ्यानं वाद्य घडवायचं आणि बायकोनं त्याला कापडाचं घर शिवायचं, असं दोघांचं लग्नापासून चाललं होतं. मापं तिच्या बोटांत होती. नवऱ्याच्या छातीचं तर इतकं पाठ, की टेप ती केवळ रीत म्हणून घेई. आज टेप फिरवली आणि टोक ठरल्या जागेच्या दोन बोटं पुढे गेलं.

“हात वर करा नीट.”

“केलेत की. मी काय तंबोरा आहे, असा गोल फिरवायला?”

“तंबोऱ्याचं माप वर्षात बदलत नाही. बारीक झालात तुम्ही.”

“वयानं होतो माणूस बारीक. नाक काय म्हणतंय?”

“हिरवं.”

“मग झालं तर,” म्हणून दस्तगीरनं हात खाली घेतले. बटणं लावता लावता त्याला खोकला आला. तो थांबल्यावर त्यानं रुमालानं तोंड पुसलं, रुमालाची घडी आत वळवली आणि तो खिशात टाकला.

‘नाक’ हे त्या वस्तूचं मिरजेतलं नाव. कारखान्यानं दिलेलं नाव लांबलचक होतं आणि ते फक्त हॉस्पिटलच्या कागदांवर असे. दिसायला ती शर्टाच्या बटणाएवढी चकती. दस्तगीरला ती लागली त्याचं कारण खूप जुनं होतं. विशीत त्याला क्षय झाला होता. तो बरा झाला, पण जाताना उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक पोकळी ठेवून गेला. पोकळीनं तीस वर्षं काही त्रास दिला नाही. मग तीन वर्षांपूर्वी तिच्यात बुरशी धरली.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. शिळ्या भाकरीवर, ओल्या भिंतीवर, धान्याच्या पोत्यात, वाळल्या पाल्यात. प्रत्येक माणूस ते रोज श्वासातून आत घेतो आणि धडधाकट फुप्फुस ते रोज झाडून बाहेर काढतं. पण क्षयानं पोखरलेल्या जागेत हा झाडू पोचत नाही. तिथे बीजाणू रुजतो, धागे फेकतो, धाग्यांचा गोळा वळतो. माणूस खोकतो, दमतो, वजन उतरतं, कधी थुंकीत रक्ताची रेघ दिसते. यातली बहुतेक लक्षणं उतारवयाचीही असतात, म्हणून ती ओळखू येईपर्यंत गोळा मोठा झालेला असतो. दस्तगीरला वर्षभराहून जास्त गोळ्या घ्याव्या लागल्या. त्या संपल्या तेव्हा डॉक्टर कुलगोडांनी सांगितलं होतं, “ही परत येते. सगळ्यांना नाही, पण पुष्कळांना. आणि रोज उठून तुमचं स्कॅन करणं काही शक्य नाही.”

ते करावं लागू नये म्हणून नाक निघालं. वाढती बुरशी काही सुगंधी रेणू हवेत सोडते. ते इतके थोडे असतात की माणसाच्या नाकाला त्यांचा पत्ताही लागत नाही. पण रानातल्या पतंगाला लागतो. मैलभरावरच्या मादीचा वास ज्या प्रथिनांनी त्याला कळतो, तशीच प्रथिनं बुरशीचे रेणू पकडण्यासाठी घडवून शास्त्रज्ञांनी एका पापुद्र्यावर बसवली. माणसानं सकाळ-संध्याकाळ चकतीवर फुंकर घालायची. श्वासात बुरशीचा वास नसला तर रंग हिरवा, शंका असली तर पिवळा, आणि बुरशी नक्की असली तर लाल. लक्षणं दिसण्याच्या कितीतरी आधी ते कळे.

आता प्रत्येक घराचा स्वतःचा वास असतो. कुठे सुकट, कुठे उदबत्ती, कुठे ओलसर भिंत. तो वास श्वासात मिसळून घोटाळा होऊ नये म्हणून रात्री चकती अंगावरून काढून चार्जरवर ठेवायची. तिथे ती रात्रभर घराची हवा हुंगे, तिलाच शून्य धरी, आणि दुसऱ्या दिवशीच्या श्वासातून ती हवा वजा करी.

यात एक नियम असा होता की रंग रुग्णाला दाखवायचा नाही. सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये स्वतःचा रंग रोज पाहणारी माणसं काळजीनंच खोकायला लागली होती. म्हणून रंग जाई तो रुग्णानं निवडलेल्या एका माणसाच्या फोनवर. त्या माणसाला ‘सोबती’ म्हणत. दस्तगीरनं नाव दिलं होतं खैरूनचं. फॉर्म भरणाऱ्याला तो म्हणाला होता, “तसंही माझ्या तब्येतीचं सगळं मला तिच्याकडूनच कळतं.”

हॉस्पिटलनं चकती उघड्या, हवेशीर जागी ठेवायला सांगितलं होतं. खैरूननं ती तुंब्यात ठेवली. गल्लीतल्या कुठल्याही बाईनं हेच केलं असतं. तंबोऱ्याचा भोपळा वाळला की त्याचा गळा कापतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात. एखादा भोपळा आकारात चुकला किंवा त्याला चीर गेली तर तो वाद्याच्या कामाचा राहत नाही. असे अर्धे कापलेले भोपळे, म्हणजे तुंबे, गल्लीत घराघरांत असत. कुणाकडे त्यात मीठ असे, कुणाकडे सुया-दोरे, कुणाकडे कपाटाच्या किल्ल्या. दस्तगीरचा कारखाना खालीच होता आणि लाकडाचा भुसा जिन्यानं वर येऊन प्रत्येक वस्तूवर बसे. एवढी नाजूक वस्तू खैरून फळीवर उघडी टाकणार नव्हती. तुंब्याला तोंड होतं, ते खिडकीकडे होतं. तिच्या हिशेबी ती हवेशीरच जागा होती.

ईद झाली. कुडता दस्तगीरच्या अंगावर बरोबर बसला, कारण तो नव्या मापाचा होता.

त्यानंतर खैरून त्याच्याकडे बघायला लागली. म्हणजे बघत ती नेहमीच असे, पण मधल्या काळात ती सवय मोडली होती. नाक येण्याआधी तिचा एक डोळा सतत त्याच्या खोकल्यावर असायचा. नाक आल्यावर सकाळी फोनवर हिरवं दिसलं की तिचा दिवस सुटा व्हायचा. ती निवांत शिवत बसे, तो निवांत काम करत बसे. उन्हाळ्यातले ते दिवस सुखाचे गेले, हे खोटं नव्हतं.

आता तिला दिसलं की तो जिन्याच्या मध्ये थांबतो आणि थांबण्याला कारण हवं म्हणून फोन काढतो. जवारी लावताना, म्हणजे तार घोडीवर नीट बोलेपर्यंत कानस मारताना, तो तारेबरोबर ‘सा’ लावून बसे. तो ‘सा’ आता मधेच तुटे. संध्याकाळी जेवणाआधीच त्याचे डोळे मिटत. आणि सगळ्यात नवल म्हणजे तो स्वतःचे रुमाल स्वतः धुवायला लागला होता.

रुमालांवरून गौसनं त्याला छळलं. गौस दस्तगीरचा धाकटा भाऊ. त्याच्याच कारखान्यात तंबोऱ्यांच्या दांड्या घडवायचा आणि दिवसभर तोंड चालवायचा.

“भाभी, काय केलंत ओ भाईजानला? उभ्या जन्मात चहाचा कप उचलला नाही या माणसानं, आणि आता नळावर रुमाल धुतोय!”

“उशिरा का होईना, सुधारले,” खैरून हसून म्हणाली.

“सुधारलो नाही,” दस्तगीर म्हणाला. “तुझ्या भाभीनं धुतले की रुमालाला कांजी चढते. नाक सोलतं.”

“कुठलं नाक? कॉलरवरचं की तोंडावरचं?”

तिघं हसली. हसता हसता दस्तगीर खोकला आणि खांबाला धरून उभा राहिला. गौसनं मान खाली घालून रंधा मारायला सुरुवात केली. खैरूनला कळलं की त्यालाही दिसतंय.

तिनं हॉस्पिटलच्या मदत-क्रमांकावर फोन केला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

“काकू, मी बघतेय ना समोर. रीडिंग एकदम छान आहे. एकदाही वर गेलेलं नाही. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.”

“बारीक झालेत. धाप लागते.”

“पेशंट स्वतः काय म्हणतात?”

“ते म्हणतात काही नाही.”

“मग काकू, तुम्ही ताण घेऊ नका. सोबतींना होतं असं कधीकधी.”

खैरूननं फोन ठेवला. मुलगी चुकीचं काही बोलली नव्हती. पण दस्तगीरनं स्वतः ‘चल’ म्हटल्याशिवाय हॉस्पिटलची पायरी चढायची नाही, आणि नाक हिरवं असेपर्यंत तो ‘चल’ म्हणणार नाही, हेही तितकंच खरं होतं. त्यामागे एक शब्द होता. पहिल्या आजारपणात डॉक्टर कुलगोडांनी त्याला भोपळ्याचं काम सोडायला सांगितलं होतं. वाळल्या भोपळ्याच्या पोटात बुरशीची भुकटी असते, खरवडताना तीच उडते. दस्तगीरनं तेव्हा मधला मार्ग काढला. भोपळा आधी भिजवून मगच उघडायचा, तोंडाला जाड मुखवटा बांधायचा. आणि खाटेवर पडल्या पडल्या खैरूनचा हात धरून तो म्हणाला होता, “एवढं करूनही परत आलं, तर पुन्हा भोपळ्याला हात लावणार नाही.” तो दिलेला शब्द मोडणारा माणूस नव्हता. म्हणून शब्द पाळायची वेळच येऊ नये, यासाठी तो जिवाचा आटापिटा करत होता. आणि यंदा मंगळवेढ्याकडून भोपळे असे आले होते, जाड सालीचे, गोल, डाग नसलेले, की गल्लीतली माणसं नुसती बघायला येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीर चहा पीत होता. खैरूनच्या हातात फोन होता. फोनवर हिरवं होतं.

“पिवळं आलंय,” ती म्हणाली.

दस्तगीरनं बशी खाली ठेवली. फोन बघायला मागितला नाही. तो नियमच होता, आणि खैरून खोटं बोलेल हे त्याच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

“कधीपासून?”

“आजच.”

त्यानं चहा तसाच टाकला. मग उठून जिन्याच्या तोंडाशी गेला आणि खाली हाक दिली, “गौस, ते भोपळे भिजवायला घालू नको आज. राहू देत.”

खालून आवाज आला, “का ओ? कालच ठरलं की आपलं.”

“राहू देत म्हटलं ना.”

खैरूनला वाटलं, आत्ताच्या आत्ता सांगावं, की नाही हो, हिरवंच आहे, घाला भिजत. पण ती त्याचा बाहेर जायचा शर्ट काढायला आत गेली.

दोघं रिक्षात बसली. हॉस्पिटलचं फाटक दिसलं तेव्हा तो म्हणाला, “मिरजेचं बरं आहे बघ. वाद्य बिघडलं तरी इथंच, माणूस बिघडला तरी इथंच.”

श्वासाच्या तपासणीला ऐश्वर्या मगदूम नावाची तंत्रज्ञ होती. तिनं चकती यंत्राला लावली, पडद्यावर उन्हाळ्यापासूनची रेघ उलगडली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“पिवळं कुठे आहे, काकू? सगळं हिरवं आहे.”

दस्तगीर वळला. खैरूननं त्याच्या नजरेला नजर दिली.

“नव्हतंच पिवळं. मी खोटं बोलले. नाहीतर आला असतात तुम्ही?”

“खैरून, मी भोपळे थांबवले सकाळी.”

“माहीत आहे.”

“तुला कळतंय का, काय बोललीस तू? या नाकावर विश्वास ठेवून मी...” पुढचं वाक्य खोकल्यात गेलं. खोकला सरल्यावर तो खुर्चीत टेकला आणि ऐश्वर्याकडे बघून थकल्या सुरात म्हणाला, “बघा मॅडम. मशीन म्हणतं हिरवं, बायको म्हणते पिवळं. कुणाचं धरायचं?”

“घरी बायकोचं धरा, काका,” ऐश्वर्या म्हणाली. “इथं मला मशीन तपासू द्या. आलाच आहात तर.” तिनं चकती खैरूनपुढे धरली. “काकू, तुम्ही फुंका. तुम्हाला काही आजार नाही ना? तुमचा श्वास शून्यावर यायला हवा.”

खैरूननं फुंकर घातली. ऐश्वर्यानं पडदा पाहिला. पुन्हा फुंकायला लावलं. मग तिनं रुग्णांना न दिसणारा, आकड्यांचा दुसरा पडदा उघडला आणि खुर्ची पुढे ओढली.

“शून्याच्या खाली जातंय.”

“म्हणजे चांगलं ना?” दस्तगीरनं विचारलं.

“म्हणजे अशक्य, काका. बुरशीचा वास अजिबात नसला तर शून्य. नसण्यापेक्षा कमी कसा असेल? फोनवर शून्याखालचं सगळं हिरवंच दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.” तिनं चकती उलटसुलट करून पाहिली. “काकू, रात्री ही कुठे ठेवता?”

“तुंब्यात.”

“कशात?”

“तुंब्यात. कापलेला भोपळा असतो आमच्याकडं. फळीवर असतो. धूळ बसत नाही ना आत...”

बोलता बोलता खैरूनच्याच लक्षात आलं. ऐश्वर्यानं काही समजावण्याची गरज उरली नाही.

समजावलं ते नंतर डॉक्टर कुलगोडांनी, स्कॅन हातात आल्यावर. साठीकडे झुकलेली, कमी बोलणारी बाई. तिनं पडद्यावर फुप्फुसाची पोकळी दाखवली. आत आवळ्याएवढा गोळा होता, वर हवेची बारीक चंद्रकोर.

“तुंब्याच्या आतल्या सालीला बुरशी असते. थोडी, पण असते. नाक रात्रभर तीच हुंगत होतं आणि तिलाच घराची हवा समजत होतं. दिवसा दस्तगीरभाईंच्या श्वासातून तोच वास वजा होत होता. पावसाळ्यात दमट हवेनं तुंब्यात ती वाढली, इकडे यांच्या छातीतही वाढली. दोन्हीकडे बरोबरीनं. त्यामुळे रेघ हललीच नाही.”

“एकच बुरशी?” दस्तगीरनं विचारलं.

“एकाच जातीची असावी. तपासू आपण.” मग ती खैरूनकडे वळली. “चूक तुमची एकटीची नाही. कुणी चकती भोपळ्यात ठेवेल असं आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं, आणि शून्याखालचे आकडे सोबत्यापासून लपवायला नको होते. आज आणलंत ते बरं केलंत. गोळा रक्तवाहिनीपर्यंत गेलेला नाही. दिवाळीनंतर आणलं असतंत तर ऑपरेशनशिवाय मार्ग नव्हता, आणि या फुप्फुसाला ऑपरेशन झेपलं असतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. आता औषध देता येईल. गोळ्या, आणि वाफेतून घ्यायचं नवं औषध. वर्ष लागेल, कदाचित जास्त.”

“आणि भोपळे?” दस्तगीर म्हणाला.

डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली. उत्तर दोघांनाही माहीत होतं.

औषधाची वाट बघत दोघं बाहेरच्या बाकावर बसली. खैरूनच्या डोळ्यांतून धार लागली होती. ती पुसायचंही तिला सुचत नव्हतं. रोज रात्री आपण केवढ्या जपणुकीनं ती चकती आत ठेवत होतो, हे तिला आठवत होतं. वर फडक्याचा तुकडासुद्धा घातला होता.

“माझ्या हातानं केलं मी हे,” ती म्हणाली. “मीच.”

दस्तगीरनं खिशातून रुमाल काढला. तिला द्यायला हात पुढे केला, मग थबकला, घडी उलगडली आणि रुमाल तिच्या मांडीवर पसरून ठेवला. मधोमध एक पुसट तपकिरी डाग होता. धुऊनही न गेलेला.

खैरूननं डागावरून बोट फिरवलं.

“पहिल्यांदा आलं ते पावसाच्या सुरुवातीला,” तो म्हणाला. “वाटलं, दातातून आलं असेल. तुला विचारलं, नाक काय म्हणतंय. तू म्हणालीस हिरवं. एवढा आनंद झाला मला, काय सांगू. पुन्हा आलं, पुन्हा विचारलं. मला माहीत होतं, खैरून. आधी भोगलेलं दुखणं माणूस विसरत नाही. पण हिरवं आहे म्हटल्यावर मी त्या हिरव्याच्या आड बसून राहिलो. रुमाल धुवत.”

“मला सांगायचं ना हो.”

“सांगितलं असतं तर शब्द पाळावा लागला असता.” त्यानं श्वास घेतला. “तू मशीनला फसवलंस, तेही नकळत. मी तुला फसवलं, ठरवून. कुणी रडायचं ते आता तूच सांग.”

खैरूनला रडता रडता हसू आलं. तिनं त्याच्या गुडघ्यावर एक चापट मारली, हॉस्पिटल आहे हे न बघता, आणि रुमाल घडी करून स्वतःच्या पिशवीत ठेवला. तिथेच त्यानं फोन काढला आणि मंगळवेढ्याच्या व्यापाऱ्याला लावला.

“होय, माल उत्तमच आहे. तक्रार नाही. पुढची गाडी गौसच्या नावावर टाका... तो नवा गाळा घेईल गल्लीच्या त्या टोकाला. नाही, मी नाही. मी तारा आणि जवारी बघणार आता. ... कंटाळा कसला येतोय? बायकोनं सुट्टी दिलीय, सुट्टी.”

फोन ठेवल्यावर तो समोरच्या भिंतीकडे बघत बसला. त्याचा खडबडीत, पॉलिशच्या चपड्याचे डाग पडलेला हात खैरूननं आपल्या हातात घेतला आणि औषधाचं नाव पुकारेपर्यंत धरून ठेवला.

भोपळे गौसच्या नव्या गाळ्यात न्यायला गल्लीतले सगळे आले. माळ्यावरचे, जिन्याखालचे, कारखान्यात छताला टांगलेले. काही भोपळे दस्तगीरनं वर्षानुवर्षं राखून ठेवलेले होते. कुणा मोठ्या गवयासाठी तंबोऱ्यांची जोडी बनवता येईल म्हणून. तो समोरच्या दुकानाच्या पायरीवर मुखवटा बांधून बसला होता आणि तिथून ओरडत होता.

“तो उभा धर, गौस. देठाकडून. त्याचा आवाज खर्जातला आहे.”

“न वाजवता कळतं होय भाईजान?”

“तुला वाजवूनही कळत नाही, त्याला मी काय करू?”

गल्ली हसली. खैरून वरच्या खिडकीत होती. शेवटचा भोपळा गाडीवर चढला तेव्हा दस्तगीर मुखवट्याआड काय करत होता ते तिला दिसलं नाही. एवढंच दिसलं की तो उठला आणि गाडीच्या मागे चार पावलं चालत गेला, मग थांबला. स्वयंपाकघरातले तुंबे तिनं स्वतः काढून दिले. मीठ बरणीत गेलं, सुया डब्यात.

घराच्या भिंती धुतल्या, चुना दिला, माळा मोकळा केला. हॉस्पिटलनं नवी चकती दिली. ऐश्वर्यानं सांगितलं की रिकाम्या घराची हवा तिला नव्यानं शिकावी लागेल. काही दिवस तिच्याजवळ कुणी राहायचं नाही. म्हणून दोघं गौसकडे, गल्लीतच, पण भोपळ्यांच्या गाळ्यापासून दूर असलेल्या त्याच्या माडीवर राहिली. घर सोडून इतके दिवस ती दोघं कधीच राहिली नव्हती. औषधाची वाफ घेऊन झाली की दस्तगीर खिडकीतून स्वतःच्या बंद घराकडे बघे आणि म्हणे, “आत बसून शिकतंय बिचारं. आपल्याला घरच्या वासाला सरावायला वर्षं लागली असतील.”

एक गोष्ट त्यानं हट्टानं बदलून घेतली. ऐश्वर्या फॉर्म भरत होती. सोबती कोण, असं विचारल्यावर त्यानं खैरूनचं नाव सांगितलं आणि पुढे म्हणाला, “पण रंग दोघांच्या फोनवर येऊ दे.”

“काका, नियम आहे. बघून बघून काळजीनं खोकायला लागाल.”

“न बघता खोकलोच की मी.”

ऐश्वर्यानं डॉक्टर कुलगोडांना विचारलं. डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि सही केली.

ती दोघं घरी परतली त्या सकाळी घर अनोळखी वाटलं. पाऊल टाकलं की आवाज घुमत होता. खैरूननं खिडकीतल्या उघड्या फळीवरून चकती उचलली आणि त्याच्या कॉलरला लावली. त्यानं फुंकर घातली. निकाल यायला थोडा वेळ लागे. दोघं सतरंजीवर बसली, दोघांचे फोन मध्ये ठेवून.

औषध नुकतं सुरू झालं होतं. गोळा जागेवरच होता. काय येणार हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, तरी खैरून फोन पुन्हा पुन्हा सरळ करून ठेवत होती. दोन्ही फोन एकदम वाजले. तिनं हात पुढे केला, तेव्हा दस्तगीरनं आपले दोन्ही तळवे दोन्ही फोनवर झाकून धरले.

“थांब. आधी मी सांगतो.”

“काय?”

“काल संध्याकाळी रक्त आलं. रेघच होती, पण लाल. आज जिन्यात दोनदा थांबलो. फोन बघत नव्हतो, दम लागला होता. पहाटे घाम नव्हता. छातीत उजवीकडे टोचतं, खोल श्वास घेतला की. भूक लागली होती सकाळी, खरीखुरी. आणि...” तो अडखळला. “भीती वाटते. रोज वाटते. एवढंच.”

खैरून त्याच्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत या माणसानं स्वतःबद्दल एका दमात एवढं कधी सांगितलं नव्हतं. मधे श्वासासाठी तो किती वेळा थांबला तेही तिनं ऐकलं होतं.

“मलाही वाटते,” ती म्हणाली.

मग त्यानं तळवे उचलले. दोन्ही फोनवर लाल होतं. त्या दोघांचं तोवर बोलून झालं होतं.